कॉपी झालेल्या फाइलमध्ये शून्ये कुठून आली? स्टोरेजमधली रेस कंडिशन शोधण्याची पद्धत

नोव्हेंबर २०२३ मध्ये ओपनझेडएफएस या फाइल सिस्टिमच्या विकासकांकडे एक तक्रार आली. जेंटू लिनक्सवर गो भाषेची साधने बांधून बसवताना कॉपी झालेल्या काही फाइल्समध्ये मजकुराच्या जागी शून्ये निघत होती. फाइलचे नाव बरोबर, आकार बरोबर, आत मात्र शून्ये. कॉपी करणाऱ्या आज्ञेने चूक कळवली नाही, कर्नलच्या लॉगमध्येही काही नाही. तीच आज्ञा पुन्हा दिली की बहुतेक वेळा सगळे ठीक.

कर्नलच्या स्टोरेज कोडमध्ये नव्याने काम करू लागलेल्यांसाठी मी हे प्रकरण मुद्दाम निवडले आहे. रेस कंडिशन म्हणजे दोन कामे एकाच वेळी चालू असताना निकाल त्यांच्या वेळेच्या योगायोगावर अवलंबून राहणे. तिचे नाव निघाले की आपण ‘कुठे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) घ्यायचा राहिला’ हे शोधायला निघतो. इथे लॉक घ्यायचा राहिलेला नव्हता. कोडने एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाचे खरे उत्तर ज्या दोन ठिकाणी विभागून ठेवले होते त्यातले एकच पाहिले. स्टोरेजमधल्या अनेक रेस अशाच असतात, म्हणून खालची पद्धत शिकून घ्यायला हवी.

आधी जागा सुरक्षित करा

स्वतःचा डेटा असलेल्या यंत्रावर स्टोरेजचा बग कधीही शोधू नका. क्यूईएमयूमध्ये आभासी यंत्र उभे करा, त्याला फाइलवर आधारलेली दोन-तीन फेकाऊ डिस्क द्या आणि सीरियल कन्सोल (कर्नलचे संदेश बाहेर पाठवणारी वाट) बाहेर एका फाइलमध्ये वळवा, म्हणजे यंत्र गोठले तरी शेवटचे शब्द हाती राहतात. आभासी सीपीयू किमान चार ठेवा. एका सीपीयूवर बऱ्याच रेस दिसतच नाहीत. उलट खऱ्या सीपीयूंपेक्षा आभासी सीपीयू जास्त दिले, तर एखादा थ्रेड (समांतर चालणारा कामाचा धागा) नको त्या क्षणी थांबवला जाण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याला तेच हवे असते.

बिघाडाचा चेहरा वाचा

ट्रेसिंगच्या (चालत्या कोडचा माग नोंदण्याच्या) मागे लागण्यापूर्वी खराब फाइल आणि मूळ फाइल बाइट-बाइट ताडून पाहा. नेमके काय बिघडले आहे, यावरून निम्मी दिशा ठरते.

जागेवर शून्ये असतील तर डेटा तिथवर पोचलाच नाही, किंवा कोणीतरी ती जागा रिकामी समजली. जुना मजकूर असेल तर लिहिलेले हरवले किंवा दोन लेखनांचा क्रम उलटला. दुसऱ्याच फाइलचा मजकूर आला असेल तर गोष्ट गंभीर आहे: एखादा बफर एकाचे काम संपण्याआधी दुसऱ्याला दिला गेला असावा. बिघाड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो त्याचीही नोंद करा. सीमा ५१२ च्या पटीत असेल तर सेक्टर, ४०९६ च्या पटीत असेल तर मेमरीचे पान किंवा मोठा सेक्टर, आणि फाइल सिस्टिमच्या ब्लॉकच्या पटीत असेल तर संशय त्या थराकडे जातो.

या प्रकरणात दोन गोष्टी लगेच दिसल्या असत्या. एक, मूळ फाइल धडधाकट होती आणि फक्त नक्कल खराब होती. दोन, झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवते आणि ‘स्क्रब’ ही आज्ञा सगळ्या चेकसम तपासते, तरी स्क्रबला काही सापडत नव्हते. नवखा माणूस इथे गोंधळतो. पण याचा अर्थ सरळ आहे: डिस्कवर जे लिहायला सांगितले तेच लिहिले गेले, सांगणाऱ्यालाच चुकीची माहिती मिळाली होती. म्हणजे लेखनाचा मार्ग बाजूला ठेवून वाचनाच्या, नेमके सांगायचे तर ‘या फाइलमध्ये डेटा कुठे आहे’ हे विचारण्याच्या मार्गाकडे वळायचे.

हमखास बिघडेल अशी चाचणी लिहा

कधीतरी होणारा बग सोडवता येत नाही. मिनिटभरात होणारा बग सोडवता येतो. म्हणून या टप्प्यावर हवा तेवढा वेळ खर्च करा, तो पुढे भरून निघतो.

या बगसाठी वापरकर्त्यांत जी छोटी शेल स्क्रिप्ट फिरली तिची रचना शिकण्यासारखी आहे. यादृच्छिक बाइट्सची एक फाइल तयार करायची. तिच्या दोन नकला करायच्या, त्या प्रत्येकीच्या आणखी दोन, असे हजारेक फाइल्सपर्यंत, बऱ्याच नकला समांतर चालू ठेवून. शेवटी प्रत्येक नक्कल पहिल्या फाइलशी ताडायची. अशा तीन-चार स्क्रिप्ट एकाच वेळी चालवायच्या. इथे यादृच्छिक मजकूर आवश्यक आहे, कारण मुळात शून्ये असलेली फाइल शून्यमय झाली तर कळणार कसे? दुसरी खुबी म्हणजे नकलेचीच नक्कल. त्यामुळे सीपी ही कॉपी करणारी आज्ञा नेहमी नुकत्याच लिहिलेल्या, अजून डिस्कवर न पोचलेल्या फाइलवर चालते. बग तिथेच होता.

चाचणी जमली की तिचा दर मोजा. शंभर फेऱ्यांत किती वेळा बिघडते, हा आकडा लिहून ठेवा. यापुढचा प्रत्येक निर्णय त्या आकड्यावर उभा राहणार आहे.

पहिल्या संशयितावर थांबू नका

ओपनझेडएफएस २.२.० ऑक्टोबर २०२३ मध्ये आली होती, आणि तिच्यात ‘ब्लॉक क्लोनिंग’ हे नवे वैशिष्ट्य होते: कॉपी करताना डेटा पुन्हा न लिहिता त्याच ब्लॉककडे बोट दाखवायचे. कॉपी बिघडते आहे आणि कॉपीचे नवे तंत्र नुकतेच आले आहे, म्हटल्यावर संशय तिथे जाणारच. २१ नोव्हेंबरला आलेल्या २.२.१ मध्ये ब्लॉक क्लोनिंग बंद करून टाकले. खबरदारी म्हणून ते योग्यच होते. पण ते बंद ठेवूनही चाचणी बिघडत राहिली, आणि पुढे ती २.१ वर, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १३ आणि १४ या आवृत्त्यांवरही बिघडवून दाखवता आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे रेसच्या तपासात फार सहज होते, कारण नवे वैशिष्ट्य बहुधा फक्त वेळेचे गणित बदलते आणि जुना दोष उघडा पडतो.

दुसरा बदल फाइल सिस्टिमच्या बाहेर होता. कोअरयुटिल्सच्या (सीपीसारख्या मूलभूत आज्ञांच्या संचाच्या) नवव्या मालिकेत सीपीचे वागणे बदलले. आता ती मूळ फाइलमधल्या रिकाम्या जागा आपणहून शोधते आणि नकलेतही तशाच ठेवते. त्यासाठी ती एलसीक या सिस्टिम कॉलला (प्रोग्रामने कर्नलला करायच्या विनंतीला) ‘सीक_डेटा’ आणि ‘सीक_होल’ हे पर्याय देऊन विचारते: पुढचा डेटा कुठून सुरू होतो, पुढची पोकळी कुठून? हा प्रश्न पूर्वी क्वचित विचारला जायचा. आता तो कितीतरी जास्त वेळा विचारला जाऊ लागला.

म्हणून गिट बायसेक्ट (कोडचा इतिहास निम्मा-निम्मा करत बिघाड आणणारा बदल शोधणारे साधन) जरूर चालवा, पण त्याचा निकाल न्यायालयाच्या निवाड्यासारखा घेऊ नका. बायसेक्ट एवढेच सांगते की या बदलापासून बिघाड दिसू लागला. शिवाय रेसच्या बाबतीत एकदा ‘चांगले’ आले म्हणून ती आवृत्ती चांगली ठरत नाही. दर वीस फेऱ्यांत एकदा बिघडणाऱ्या चाचणीत प्रत्येक थांब्यावर साठ फेऱ्या निर्मळ गेल्या, तरी चुकून ‘चांगले’ म्हणण्याची शक्यता शंभरात सुमारे पाच उरते. नव्वद फेऱ्या गेल्या तर शंभरात एक. बायसेक्टच्या दहा-बारा थांब्यांपैकी एक जरी चुकला, तरी पुढचा सगळा शोध भलत्या दिशेला जातो.

धक्का न लावता पाहा

आता वाटेल की कोडमध्ये जागोजागी प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये संदेश छापणारे फंक्शन) टाकावे. थोडे थांबा. सीरियल कन्सोल ११५२०० बॉडवर चालत असेल तर सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरे जातात, म्हणजे ऐंशी अक्षरांच्या एका ओळीला सुमारे सात मिलिसेकंद. रेसची खिडकी, म्हणजे ती घडू शकते तेवढा काळ, बऱ्याचदा काही मायक्रोसेकंदांची, कधी त्याहूनही लहान असते. एवढा मोठा विलंब मध्ये घातल्यावर बग गायब होतो, किंवा दुसराच बग दिसू लागतो.

त्यापेक्षा कर्नलमधल्याच एफट्रेस या ट्रेसिंग साधनाचा ट्रेस_प्रिंटके वापरा. तो मजकूर प्रत्येक सीपीयूच्या स्वतंत्र चक्राकार बफरमध्ये टाकतो आणि छापण्याचे काम नंतरवर ढकलतो. पहिला बिघाड दिसताच ट्रेसिंग थांबवण्याची व्यवस्था मात्र चाचणीतच करा. बफर गोल फिरतो, आणि उशीर झाला तर हवा तो क्षण पुसला गेलेला असतो.

सिस्टिम कॉल दाखवणारे एसट्रेस हे साधन प्रत्येक कॉलला प्रोग्रामला दोनदा थांबवते, त्यामुळे इथेही ते दर बदलून टाकू शकते. बीपीएफट्रेस या ट्रेसिंग साधनाने फक्त एलसीकचे परतीचे मूल्य पकडणे हलके पडते. या बगमध्ये शोधायची खूण एकच होती: फाइलच्या सुरुवातीपासून डेटा कुठे आहे असे विचारल्यावर ईएनएक्सआयओ ही त्रुटी परत येणे, म्हणजे ‘इथून शेवटपर्यंत डेटाच नाही’ असे उत्तर. सीपीने त्यावर विश्वास ठेवला आणि पूर्ण नक्कल एक मोठी पोकळी म्हणून तयार केली. सीपीचे चुकले नाही. खोटे उत्तर फाइल सिस्टिमने दिले.

केसीसॅन आणि लॉकडेप या कर्नलमधल्या चूकशोधक साधनांबद्दल नवे लोक हमखास विचारतात. लॉकडेप लिनक्समध्ये २००६ पासून, २.६.१८ या आवृत्तीपासून आहे आणि लॉक घेण्याचा क्रम चुकला तर डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकणे) होण्याआधीच सांगते. केसीसॅन २०२० मध्ये ५.८ बरोबर आले. दोन थ्रेड एकाच मेमरी जागेला लॉकशिवाय एकाच वेळी हात लावत असतील आणि त्यातला एक लिहीत असेल तर ते पकडते. दोन्ही सुरू ठेवाच. पण प्रत्येक वाचन-लेखन योग्य लॉकखाली होऊनही दोन वाचनांच्या मधल्या काळात जग बदलू शकते, आणि अशा रेसबद्दल ही साधने गप्प राहतात. त्यासाठी कोड वाचायलाच हवा.

स्थितीची यादी करा

कागद घ्या. संशयित प्रश्न वर लिहा: ‘ही फाइल डर्टी आहे का?’ म्हणजे तिचे काही बदल अजून फक्त मेमरीत आहेत का. मग या प्रश्नाचे उत्तर ज्या-ज्या ठिकाणी साठवलेले आहे ती सगळी ठिकाणे लिहा. प्रत्येक ठिकाण कोण बदलते, कोणत्या लॉकखाली, आणि कोणत्या क्रमाने, हेही त्यापुढे लिहा. संपूर्ण तपासातले हे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि नेमके तेच टाळण्याकडे कल असतो.

झेडएफएसमध्ये प्रत्येक फाइलमागे डीनोड नावाची नोंद असते. बदल लगेच डिस्कवर जात नाहीत. ते ट्रान्झॅक्शन ग्रुपमध्ये साठतात, आणि असा ग्रुप ठराविक काळाने (मूळ मांडणीत जास्तीत जास्त ५ सेकंदांनी) एकत्र लिहिला जातो. डर्टीपणाच्या खुणा दोन. पहिली, डीनोड ‘डर्टी डीनोड’च्या यादीत जोडलेला असणे. दुसरी, डीनोडला लटकलेल्या डर्टी नोंदी, म्हणजे लिहायचा बाकी असलेला प्रत्यक्ष डेटा. नव्या फाइलला पहिल्यांदा मजकूर जोडला की ब्लॉकचा आकार बदलतो म्हणून डीनोड स्वतः डर्टी होतो आणि डेटाच्या नोंदीही तयार होतात. एकच घटना, पण दोन खुणांत वाटलेली.

आता लिहिण्याची वेळ आली की सिंक करणारा, म्हणजे बदल डिस्कवर उतरवणारा, थ्रेड डीनोडला डर्टी यादीतून काढतो, लगेच ‘सिंक होत असलेल्या’ यादीत घालतो आणि मग डेटा लिहायला घेतो. दोन्ही याद्या डीनोडमधला एकच दुवा वापरतात. म्हणून काढणे आणि घालणे यांच्या मधल्या निमिषात तो दुवा कुठेच जोडलेला नसतो. सरकारी कचेरीत कागद एका टेबलाच्या जावक नोंदीत चढला आणि पुढच्या टेबलाच्या आवक नोंदीत अजून आला नाही, की दोन्हीकडचे कारकून ‘आमच्याकडे नाही’ म्हणतात, आणि कागद शिपायाच्या हातात असतो. नेमक्या त्या निमिषात सीपीचा एलसीक आला. तपासणाऱ्या फंक्शनने फक्त दुवा पाहिला, तो मोकळा होता, म्हणून फाइल स्वच्छ ठरली. स्वच्छ फाइलचे उत्तर डिस्कवरच्या ब्लॉकच्या झाडावरून द्यायचे असते. ही फाइल नवी, झाडात एकही ब्लॉक नाही, म्हणून ‘डेटा नाही’. डेटाच्या डर्टी नोंदी त्या वेळी तिथेच होत्या, पण त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

या टप्प्यावर त्या फंक्शनचा गिटमधला इतिहासही वाचा. इथे तो फार बोलका आहे. ही तपासणी काही वर्षांत अनेकदा बदलली होती, कधी दुव्यावर, कधी डर्टी नोंदींवर, आणि त्यातले काही बदल इल्युमॉस या झेडएफएस वापरणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही सापडतात. एकीकडची अडचण सोडवताना दुसरीकडची उघडी पडत गेली. एखादी अट इतिहासात झोके घेताना दिसली, तर दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असण्याचा संभव मोठा असतो.

खिडकी रुंद करून सिद्ध करा

कागदावरचा तर्क कितीही पटला तरी तो अजून तर्कच आहे. त्याची परीक्षा अशी घ्या: यादीतून काढणे आणि दुसऱ्या यादीत घालणे यांच्या मध्ये मुद्दाम विलंब टाका. तर्क खरा असेल तर बिघाडाचा दर झपाट्याने चढला पाहिजे. मग तोच विलंब तिथून काढून दुसऱ्या यादीत घातल्यानंतरच्या ओळीवर टाका. आता दर चढता कामा नये. ही दुसरी परीक्षा लोक गाळतात, आणि तीच जास्त महत्त्वाची आहे. कोणताही विलंब दर वाढवत असेल, तर तुम्ही फक्त यंत्र संथ केले आहे, जागा सापडलेली नाही.

विलंब टाकताना तिथे कोणता लॉक धरलेला आहे ते पाहा. स्पिनलॉक (थ्रेड जागच्या जागी फिरत वाट पाहतो असा लॉक) असेल तर थ्रेडला झोपवता येत नाही, सीपीयू फिरवत ठेवणारा विलंब वापरावा लागतो. म्युटेक्स (थ्रेडला झोपू देणारा लॉक) असेल तर झोपवले तरी चालते. आणि विलंब सगळ्या डीनोडना लावू नका. एका ट्रान्झॅक्शन ग्रुपमध्ये हजारो डीनोड असू शकतात, प्रत्येकाला एक मिलिसेकंद दिला तरी सिंक काही सेकंद लांबते. चाचणीच्या फाइलचा ऑब्जेक्ट क्रमांक (झेडएफएसमधला तिचा ओळखक्रमांक) पाहून तेवढ्यापुरताच द्या.

दुरुस्ती: चुकायचेच तर कोणत्या बाजूला?

दुरुस्ती लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा की या प्रश्नाचे चुकीचे उत्तर कोणत्या दिशेने परवडते. फाइल स्वच्छ असताना ‘डर्टी’ म्हटले तर काय होईल? विचारणारा सिंक होईपर्यंत थांबेल, वेळ जाईल. डर्टी असताना ‘स्वच्छ’ म्हटले तर? कोणाचा तरी डेटा जाईल, तोही गुपचूप. स्टोरेजमध्ये या दोन चुका कधीच समान नसतात. शंका आली की वेळ घालवा, डेटा घालवू नका, हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आग्रहाने सांगेन.

प्रत्यक्ष दुरुस्ती याच विचाराची होती. नवा लॉक आणला नाही, याद्यांची रचना बदलली नाही. तपासणी आता दोन्ही खुणा पाहते: दुवा जोडलेला असेल किंवा डर्टी नोंदी शिल्लक असतील, तर फाइल डर्टी. मग सिंकसाठी थांबायचे आणि त्यानंतर खरे उत्तर द्यायचे. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत पटेल अशी लहान दुरुस्ती जुन्या शाखांमध्ये नेणेही सोपे असते.

दुरुस्ती येण्याआधी तात्पुरता उपाय म्हणून एक मोड्यूल पॅरामीटर शून्य करायला सांगितले जात होते, ज्यामुळे डर्टी फाइलसाठी सिंक जबरदस्तीने घडवून आणला जात नाही. त्याने बिघाडाची शक्यता खूप कमी होते, पण खिडकी तिथेच राहते. असा उपाय वापरकर्त्यांना जरूर द्या, फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नका.

दुरुस्त झाले हे कसे ठरवायचे

आधी मोजलेला दर इथे कामी येतो. सोपा हिशेब असा: बिघाडाचा दर फेरीमागे जितका असेल, त्याने तीनला भागा. एका मागोमाग तितक्या फेऱ्या निर्मळ गेल्या तर सुमारे पंचाण्णव टक्के खात्री बाळगता येते. वीसात एक दर असेल तर साठ फेऱ्या, हजारात एक असेल तर तीन हजार. आणि कृत्रिम विलंब तसाच ठेवून, खिडकी रुंद असतानाही, दुरुस्तीसह चाचणी चालवा. दुरुस्ती खरी असेल तर विलंब कितीही वाढवला तरी एकही फाइल बिघडणार नाही. या परीक्षेत काही मिनिटांत जे कळते, ते साध्या चाचणीत रात्रभरात कळत नाही.

कमिटच्या संदेशात कोणत्या थ्रेडने काय केले, दुसऱ्याने नेमके कधी काय पाहिले, आणि वापरकर्त्याला त्याचा परिणाम कसा दिसला, हे क्रमाने लिहा. आधीच्या ज्या बदलांनी ही अट इकडेतिकडे नेली त्यांचे क्रमांकही द्या. ओपनझेडएफएसच्या या दुरुस्तीचा संदेश तसाच लिहिलेला आहे.

दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२३ रोजी २.२.२ मध्ये आणि जुन्या शाखेसाठी २.१.१४ मध्ये आली. तुमचा बग कोणत्या शाखांमध्ये आहे हे आवृत्तीच्या क्रमांकावरून ठरवू नका, प्रत्येक शाखेत ती तपासणी उघडून वाचा आणि चाचणी तिथेही चालवा.

वापरकर्त्यांसाठीच्या सूचनेत एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागते. दुरुस्तीमुळे पुढच्या कॉपी सुरक्षित होतात, आधी खराब झालेल्या नकला बऱ्या होत नाहीत. चेकसम जुळत असल्यामुळे स्क्रब त्या शोधू शकत नाही. शून्यांचे पट्टे शोधणारी स्क्रिप्टही अपुरी पडते, कारण आभासी डिस्कच्या प्रतिमा, डेटाबेसच्या फाइल्स अशा कित्येक निरोगी फाइल्समध्ये शून्ये असतातच. मूळ फाइल किंवा तिचा बॅकअप हाताशी असेल तर त्याच्याशी ताडून पाहायचे. बांधून बसवलेली पॅकेजेस असतील तर पॅकेज व्यवस्थापकाला त्याच्याकडच्या हॅशशी पडताळायला सांगायचे. पण बांधणीच्या ओघातच फाइल बिघडली असेल, तर हॅशही बिघडलेल्या फाइलचाच नोंदला गेलेला असतो. असा संशय असलेली पॅकेजेस नव्याने बांधून घ्यावीत.